अर्थाची वहिवाट

रत्नागिरीच्या दिवाणी न्यायालयांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या जमिनीच्या दाव्यांतील कैफियती कोणी निवांतपणे चाळल्या, तर एक शब्द त्याला पानोपानी भेटेल, आणि तो शब्द म्हणजे ‘वहिवाट’. सातबाऱ्यावर नाव एकाचे, कब्जा दुसऱ्याचा, झाडांचा हक्क तिसऱ्याचा आणि पाणवठ्याकडे जाणारी वाट साऱ्या वाडीची, अशी आमच्याकडील जमिनीची जुनी तऱ्हा. खोती १९४९ च्या कायद्याने बंद झाली, ही तऱ्हा मात्र गेली नाही. मालकी कागदाने शाबीत होते, वहिवाट पायांनी. तिच्यासाठी कोणीतरी त्या वाटेने वर्षानुवर्षे चालावे लागते, आणि ते शेजाऱ्यांच्या देखत चालावे लागते. कलाकृतीचा अर्थ कर्त्याच्या मनात वसतो, कृतीच्या घडणीत वसतो, की आस्वाद घेणाऱ्याच्या अंतःकरणात वसतो, या प्रश्नावर आपल्याकडे हजार-बाराशे वर्षे आणि पश्चिमेकडे निदान दोन-अडीचशे वर्षे जो खल चालला आहे, त्याचा आढावा घेताना मला वारंवार असे वाटत आले आहे की हा दावा प्रत्येक पक्षाने मालकीचा म्हणून दाखल केला आणि मूळ तंटा वहिवाटीचा होता हे फार थोड्यांच्या ध्यानात आले.

या समजुतीची परीक्षा पाहावयास रत्नागिरीइतके सोयीचे स्थळ क्वचितच सापडेल. कारण जिचा कर्ता, कर्त्याची भाषा, त्याचे देव आणि त्याचे नाव ही सर्व समूळ नाहीशी झाली आहेत अशी एक समग्र कला येथे उघड्या आभाळाखाली पडून आहे. जांभ्याच्या सड्यांवर कोरलेल्या या आकृतींना आज आपण कातळशिल्पे किंवा कातळखोद चित्रे म्हणतो. उक्षीच्या सड्यावर मी प्रथम गेलो तो वैशाखातील भर दुपारी. डोक्यावर सूर्य, पायाखाली तव्यासारखा तापलेला कातळ, आणि ज्यासाठी एवढे चालून आलो ते चित्र डोळ्यांसमोर असूनही दिसेना. काळपट दगड, त्यावर वाळलेल्या गवताची खुंटे, कोठे पावसाळी पाण्याने पडलेल्या खळग्या, एवढेच. सोबत आलेल्या गृहस्थांनी काही न बोलता हातातील बाटली कलंडवली. पाणी एका रेघेत शिरले, वळले, पुढे पसरत गेले, आणि क्षणापूर्वी जेथे नुसता दगड होता तेथे सोंड दिसू लागली. तिच्यामागून कपाळ, पाठ, पाय. हत्ती. एकदा दिसल्यावर तो न दिसणे अशक्य होऊन बसले. सायंकाळी परत फिरताना तर पाण्याचीही गरज उरली नव्हती, कारण ऊन तिरपे झाले होते आणि खोदलेल्या प्रत्येक रेघेत सावली साचून सबंध प्राणी सड्यावरून उठून आल्यासारखा भासत होता. दुपारी चित्र नव्हते आणि सायंकाळी ते होते, असे म्हणणे वेडेपणाचे. पण माझ्यापुरते घडले ते तसेच.

या चित्रांचा पद्धतशीर शोध गेल्या दीड दशकात झाला. निवळीसारख्या एखाद-दुसऱ्या ठिकाणाची नोंद आधीपासून होती, गोव्यात कुशावतीच्या काठी उसगाळीमळ येथील चित्रे १९९३ मध्ये अभ्यासकांसमोर आली होती. परंतु गावोगावचे सडे पायी तुडवून, गुराख्यांना विचारून, शेकडो आकृती उजेडात आणण्याचे काम रत्नागिरीच्या सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केले, आणि त्यात कोणाच्या हुकुमाची वाट पाहिली नाही. आज हजारांहून अधिक आकृतींची नोंद झाली आहे. २०२२ मध्ये कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे, जांभरूण, उक्षी, सिंधुदुर्गातील कुडोपी आणि गोव्यातील ते एक अशी नऊ स्थळे युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत दाखल झाली. कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद असून त्याच्या देहाच्या रेषेआत इतर कितीतरी लहान प्राणी कोरलेले आहेत. इतका मोठा की जमिनीवर उभा राहिलेला मनुष्य तो एका नजरेत पाहूच शकत नाही, आणि तो खोदणाऱ्यांनीही तो कधी समग्र पाहिला नसावा. ज्याला आज आकाशातून छायाचित्र घेणाऱ्या यंत्राने पाहावे लागते ते चित्र मुळात कोणाच्या डोळ्यांसाठी काढले, हा प्रश्न मनात आला की कर्त्याचा हेतू शोधून अर्थ ठरवू म्हणणाऱ्या पंथाची दमछाक होते.

आता या आकृतींचे जे अर्थ लावले जातात त्यांकडे जरा बारकाईने पाहिले पाहिजे, कारण ते सर्व एका जातीचे नाहीत. हत्ती हा हत्तीच आहे याविषयी विद्वान आणि शाळकरी पोर यांच्यात मतभेद होत नाही. गेंडा आज कोकणात नाही. त्याची आकृती ओळखणाराने तो पुस्तकात तरी पाहिलेला असावा लागतो, आणि एकदा ओळखला की त्यावरून प्राचीन हवामानाविषयी, जंगलाविषयी अनुमाने सुरू होतात. बारसूच्या सड्यावर एक मनुष्याकृती असून तिच्या दोन्ही बाजूंना वाघासारखे दोन प्राणी तिच्याकडे तोंड करून आहेत. हे पाहताच सिंधू संस्कृतीच्या मुद्रा आणि मेसोपोटेमियातील पशुपतीची शिल्पे ज्याने अभ्यासली आहेत त्याला तोच बंध येथे दिसतो, आणि दोन संस्कृतींमधील दळणवळणापर्यंत त्याची कल्पना धाव घेते. ज्याने ती अभ्यासलेली नाहीत त्याला एक धीट शिकारी दिसतो, किंवा सापडलेला बिचारा माणूस. दगड तोच, रेषा त्याच. आणि देवीहसोळला आर्यादुर्गेच्या देवस्थानाजवळ जो भूमितीसारखा रेखलेला मोठा चौकोन आहे, त्यात तर ओळखण्याजोगे असे फारसे काही नाहीच; तेथे प्रत्येक अर्थ हा बाहेरून आणलेला पाहुणा.

गावाने मात्र या पाहुण्यांची वाट पाहिली नव्हती. कोकणात जे अवघड, जुने आणि न उमगणारे ते पांडवांच्या खात्यावर जमा होते, मग ते लेणे असो की विहीर की कातळावरची रेघ. पांडवांना वनवासात सवड बरीच मिळाली असावी. कोणी या आकृतींकडे राखणदाराचे ठिकाण म्हणून पाहिले, आणि देवीहसोळचे चित्र तर देवीच्या उत्सवातील विधीत आजही आपले स्थान राखून आहे. याच सड्याला महसुली दप्तरात एक चौथा अर्थ आहे. नांगर चालत नाही, पीक निघत नाही, आकार बसत नाही, म्हणून ‘पोटखराबा’. बारसू परिसरात तेलशुद्धीकरण प्रकल्पाचे प्रकरण निघाले आणि २०२३ च्या एप्रिलमध्ये माती-परीक्षणावरून आंदोलन उभे राहिले, तेव्हा एकाच कातळाच्या ‘पोटखराबा’, ‘गुरांची चरणी’, ‘जागतिक वारसा’ आणि ‘उद्योगास योग्य जागा’ या चार अर्थांची समोरासमोर गाठ पडली. अर्थ लावणे हा दिवाणखान्यातील रिकामपणचा उद्योग आहे असे ज्यांना वाटते त्यांनी तो महिना आठवावा.

आपल्या परंपरेत हा प्रश्न नाट्याच्या निमित्ताने उपस्थित झाला, आणि त्याचा इतिहास आमच्याच जिल्ह्यातील परशुरामी जन्मलेल्या पां. वा. काणे यांनी आपल्या संस्कृत काव्यशास्त्राच्या इतिहासात इतक्या साक्षेपाने मांडला आहे की त्यात मी भर घालावी असे काही नाही. भरताच्या रससूत्रावर भट्ट लोल्लटाने रस मूळ पात्राच्या ठायी मानला. शंकुकाने तो नटाच्या ठायी प्रेक्षकाने अनुमानिलेला मानला आणि त्यासाठी चित्रातील घोड्याचा दृष्टांत दिला. भट्टनायकाने साधारणीकरणाची कल्पना आणून तो प्रेक्षकाच्या भोगात नेला. आणि अभिनवगुप्ताने दहाव्या-अकराव्या शतकांच्या संधिकाळी तो सहृदयाच्या अंतःकरणातील वासनांची अभिव्यक्ती ठरवून वादावर पडदा टाकला, असे पाठ्यपुस्तके सांगतात. माझे लक्ष शंकुकाकडे जाते, ज्याला पुढील पंडितांनी जरा घाईने निकालात काढले. चित्रातील घोडा पाहून ‘हा घोडा आहे’ असे जे ज्ञान होते ते खरे नव्हे, खोटे नव्हे, संशय नव्हे आणि नुसते साम्यही नव्हे, त्याची जात निराळीच, हे त्याचे म्हणणे उक्षीच्या हत्तीसमोर बसून वाचावे. पाणी ओतल्यावर मला जे झाले त्याचे याहून नेमके वर्णन मला अद्याप सापडलेले नाही. अभिनवगुप्ताचा सहृदय मात्र येथे अडखळतो. कारण सहृदय हा काव्याच्या सततच्या परिशीलनाने मनाचा आरसा घासून स्वच्छ केलेला मनुष्य असतो, म्हणजे कवी आणि तो एकाच संस्काराच्या छपराखाली वाढलेले असतात. कातळ कोरणारा आणि मी यांच्यामध्ये ते छप्पर उडून गेले आहे. व्यक्तिनिष्ठ म्हणून ज्याची आपण हेटाळणी करतो त्या आस्वादातही किती भाग समाईक असतो, हे समाईक काही उरले नाही म्हणजे कळते.

मराठीत या विषयाची चर्चा विसाव्या शतकात पुष्कळ झाली. न. चिं. केळकरांनी १९२१ च्या बडोदे संमेलनाच्या अध्यक्षपदावरून सविकल्प समाधीची उपपत्ती मांडली. वाचक आपले व्यक्तित्व न सोडता दुसऱ्याच्या व्यक्तित्वात शिरतो आणि या दुहेरी अवस्थेतच वाङ्मयाचा आनंद असतो, हे त्यांचे प्रतिपादन शास्त्रीय दृष्ट्या सैल असले तरी अनुभवाला धरून आहे. के. ना. वाटव्यांनी रसविचाराला आधुनिक मानसशास्त्राच्या सोबतीला बसवले. त्यानंतर बा. सी. मर्ढेकर आले, आणि त्यांनी हा सगळा भावनांचा संसारच सौंदर्याच्या घराबाहेर काढला. संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांनी घडलेली रचना हेच सौंदर्य, कर्त्याचे चरित्र आणि आस्वादकाची हळहळ यांना तेथे मज्जाव. ही भूमिका कवितेला कितपत लागू पडते याविषयी मला शंका आहे, स्वतः मर्ढेकरांच्या कवितेला तर ती फारशी लागू पडत नाही. पण देवीहसोळच्या त्या चौकोनापुढे उभा राहिलो की मर्ढेकरांचे ऋण मान्य करावे लागते. तेथे अर्थाची एकही किल्ली हाती नसताना रेषेला रेषा तोलते, वळण वळणाला उत्तर देते, आणि डोळा तृप्त होतो. पुढे रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसे’त, १९७४ मध्ये, लौकिकतावादी आणि अलौकिकतावादी असे दोन ध्रुव कल्पून कलाविचार या दोहोंमध्ये खेचला जातो, कोणताही एक टाकून देता येत नाही, असे दाखवले. हा निवाडा मला आजही मान्य आहे. त्यात उणीव एवढीच की आस्वादक हा तेथे नेहमी एकटा आहे. वाडी नाही, जत्रा नाही, शेजारीपाजारी नाहीत.

शेजाऱ्यांशिवाय अर्थाचे काय होते, याचे कवितेतील उदाहरणही रत्नागिरी जिल्ह्याने दिले आहे. गणपतीपुळ्याजवळच्या मालगुंड गावी १८६६ मध्ये जन्मलेल्या केशवसुतांनी १८९३ मध्ये ‘झपूर्झा’ ही कविता लिहिली. या शब्दाला कोशात अर्थ नव्हता. झिम्मा खेळणाऱ्या मुली ‘जा पोरी जा’ हे शब्द जलद म्हणत सुटल्या म्हणजे त्यांतून जो ध्वनी उमटतो तो हा, असा खुलासा खुद्द कवीने केलेला आहे. म्हणजे कर्त्याचा हेतू येथे उपलब्ध आहे, त्याच्या शब्दांत आहे, आणि तरीही प्रश्न मिटत नाही. कोणी या कवितेत योग्याची उन्मनी अवस्था पाहिली, कोणी प्रतिभेच्या निर्मितिक्षणाचे चित्र पाहिले, कोणी नव्या विज्ञानदृष्टीची ओढ पाहिली, कोणाला ती नुसतीच दुर्बोध वाटली. शाळेत आमच्या गुरुजींनी हा शब्द फळ्यावर लिहून ‘याचा अर्थ सांगा’ म्हटले तेव्हा वर्गात शांतता पसरली होती. मग मागच्या बाकावरील एका मुलीने हळूच झिम्म्याचा ठेका बाकावर वाजवला. गुरुजी हसले, पण गुण दिले ते ‘तादात्म्य’ असे लिहिणाऱ्याला. मला आजही वाटते की त्या मुलीच्या हातात जे होते ते आम्हा कोणाच्या वहीत नव्हते. फुगड्या-झिम्मे अंगणातून उठले आणि ते रंगमंचावरील स्पर्धांत गेले त्या दिवसापासून या कवितेचा एक अर्थ पाय न पडलेल्या वाटेसारखा बुजत चालला आहे. दुसरे, पंडितांचे अर्थ मात्र महाविद्यालयांतून दरसाल रहदारी असल्याने रुंद होत आहेत.

पश्चिमेकडील मंडळींनीही या वाटेने चाचपडत का होईना प्रवास केला. कांटने १७९० मध्येच सौंदर्याचा निवाडा व्यक्तीच्या अनुभवातून निघतो आणि तरीही तो सर्वांच्या संमतीवर हक्क सांगतो, ही गाठ दाखवून ठेवली. केंब्रिजच्या आय. ए. रिचर्ड्‌सने कवींची नावे काढून टाकलेल्या कविता विद्यार्थ्यांपुढे ठेवल्या आणि आलेली उत्तरे १९२९ मध्ये छापली. सुशिक्षित तरुणांनी सरळ सरळ शब्दांचेही जे अनर्थ केले ते पाहून वाचकाच्या स्वातंत्र्याची पोवाडेगिरी करणाऱ्याची जीभ अडखळावी. तरी १९६७ मध्ये रोलां बार्थने लेखकाच्या मृत्यूची द्वाही फिरवलीच. मला या सर्वांहून बोधप्रद वाटते ती स्पेनमधील आल्तामिराची हकीगत. १८७९ मध्ये साउत्वोला नावाचे गृहस्थ गुहेची जमीन उकरीत असता त्यांच्या लहान मुलीने वर पाहिले आणि छतावरचे रानबैल तिला दिसले. परंतु आदिमानवाला अशी चित्रे काढताच येणार नाहीत असा निर्णय पंडितांनी आधीच देऊन ठेवल्यामुळे त्यांनी ती बनावट ठरवली. साउत्वोला १८८८ मध्ये निधन पावले. कार्तेयाक या फ्रेंच पंडिताने आपली चूक जाहीरपणे कबूल केली ती १९०२ मध्ये. तेथे पाहणाऱ्यांची व्यक्तिनिष्ठा चित्राला अर्थ देत नव्हती. ती चित्राचे अस्तित्वच नाकारीत होती, आणि शेवटी नमावे लागले ते पाहणाऱ्यांना. ज्याला जे दिसेल ते खरे, असे म्हणणाऱ्या आजच्या स्वस्त उदारपणाला हे उत्तर पुरेसे आहे. कशेळीच्या हत्तीला कोणी मासा म्हणू लागला तर त्याला अडवणारी रेषा कातळात आहे. मात्र त्या हत्तीच्या पोटात इतके प्राणी का, याचे उत्तर कातळात नाही.

जिथे रहदारी चालू आहे तिथे अर्थ कसा घडत असतो हे पाहावयाचे तर शिमग्याला पर्याय नाही. ग्रामदेवतेची पालखी सहाणेवरून उठते, ढोल सुरू होतो, आणि काही गावांत जमिनीत पुरून ठेवलेले श्रीफळ ‘पालखीने शोधून काढण्याचा’ विधी होतो. पालखी खांद्यावर घेतलेले तरुण पुढे धावतात, मागे हटतात, गरगर फिरतात. कोण ओढतो आणि कोण ओढला जातो हे बाहेरच्याला सांगता येत नाही, आणि खांदेकऱ्यालाही नाही. एका खांदेकऱ्याला मी विचारले तेव्हा तो म्हणाला, ‘‘आमी न्हेत नाय, ती न्हेता.’’ मुंबईहून आलेला चाकरमानी हे सर्व भ्रमणध्वनीवर टिपत असतो, गेल्या वर्षी बोललेला नवस फेडावयास आलेली म्हातारी ओटी घेऊन ताटकळत असते, समाजशास्त्राचा विद्यार्थी मानपानाचा क्रम वहीत उतरवतो. नमनाच्या खेळात काळ्या अंगरख्याचा, उंच टोपीचा, पांढऱ्या दाढीचा संकासुर येतो. पुराणाच्या हिशेबाने तो वेद चोरणारा असुर, पण पोरे त्याला भिऊन पळतात आणि आया त्याच पोरांना त्याच्या पायांवर घालतात. असुर की देव, हा प्रश्न कोणी सोडवलेला नाही, कारण कोणाला तो पडलेला नाही. शक्ती-तुऱ्याच्या बारीत तर शाहीर एकमेकांना पुराणातील कूटप्रश्न घालून रात्र काढतात आणि उत्तर बरोबर की चूक याचा निकाल समोर बसलेली वाडी देते. पाटणकरांच्या ग्रंथात जो शेजारी नव्हता तो हा.

उलट बाजूचे एक उदाहरण शहरातच आहे. ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा १८८६ पासून १९१६ मध्ये मृत्यू येईपर्यंत येथे नजरकैदेत होता. त्याच्या राजवाड्याचा अर्थ रत्नागिरीकराला सहलीचे ठिकाण, संग्रहालय आणि पत्ता सांगण्याची खूण एवढाच राहिला. २०१२ च्या डिसेंबरात ब्रह्मदेशाचे अध्यक्ष थेन सेन या शहरात आले तेव्हा थिबाच्या ज्या समाधीवरून आम्ही वर्षानुवर्षे नुसते जात होतो तिच्यापुढे दुसऱ्या राष्ट्राचा प्रमुख नतमस्तक होताना पाहून गाव थोडे ओशाळले. ती वाट बुजलेली नव्हती, चालणारे लांब होते.

कातळशिल्पांना असे लांबचे वारसही नाहीत. दक्षिण आफ्रिकेतील सान लोकांच्या शैलचित्रांचा अर्थ लावताना अभ्यासकांना १८७० च्या दशकात ब्लीक आणि लॉइड यांनी त्या लोकांच्याच तोंडून लिहून घेतलेल्या कथांचा आधार मिळाला. आपल्याकडे तशी एकही वही नाही. त्यामुळे या चित्रांची वहिवाट आता नव्याने पडत आहे, आणि ती पाडणारे आपणच आहोत. उक्षीच्या ग्रामस्थांनी पुढाकार घेऊन आपल्या हत्तीभोवती कठडा बांधला, तो अर्थनिर्णयाच्या दहा निबंधांहून मी मोठा मानतो. पण पुष्कळशी चित्रे खाजगी मालकीच्या सड्यांवर आहेत, चिरेखाणी जवळ येत आहेत, आणि एक चिरा निघाला की ती रेघ परत मिळत नाही.

म्हणून वाचकांस विनंती एवढीच की जावयाचे तर पावसाळ्याचे गवत वाळल्यावर जावे, दुपार टाळून तिरप्या उन्हाच्या वेळी पोहोचावे, पादत्राणे कडेला काढून ठेवावीत, आणि छायाचित्र उठून दिसावे म्हणून रेघांत खडू वा चुना भरू नये; पाणी पुरते. आणि परतताना वाडीतील एखाद्या वृद्धाला त्या सड्याचे जुने नाव विचारून लिहून घ्यावे. ते नाव सातबाऱ्यावर नसते.